थेट ‘शिप्पुडेन’पासून? मुळीच नको

‘नारुतो’ ही जपानी ॲनिमे मालिका बघायला घेणाऱ्या नवख्या माणसाला हल्ली पहिला सल्ला मिळतो तो असा: जुनी मालिका सोड, ती लहान मुलांची आहे, थेट ‘शिप्पुडेन’पासून सुरू कर. माझ्या भाच्याला क्लासमधल्या मित्रांनी हेच सांगितलं. त्याचा नाशिकहून फोन आला, “मावशी, तू सांग, कुठून बघू?” त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर मांडते. हा सल्ला साफ चुकीचा आहे, आणि तो ऐकणारा एका मोठ्या गोष्टीचा पाया न बघताच कळसाकडे जातो.

मी दैनंदिन मराठी मालिकांचं एडिटिंग करते. गोष्ट कुठे स्वतःच्या बळावर चालते आणि कुठे तिला ताणलेलं असतं, हे ओळखणं माझ्या कामाचाच भाग आहे. ‘नारुतो’ची पहिली मालिका ऑक्टोबर 2002 ते फेब्रुवारी 2007 या काळात टीव्ही टोकियोवर दाखवली गेली. तिचे 220 भाग. पुढच्याच आठवड्यात ‘शिप्पुडेन’ सुरू झाली आणि मार्च 2017 पर्यंत चालली, तिचे 500. असे 720 भाग, दोन्ही मालिका स्टुडिओ पिएरोच्या, आणि बराच काळ दिग्दर्शनाची सूत्रं हायातो दाते यांच्याकडे. हा आकडा ऐकून माणूस घाबरतो आणि पहिली मालिका कापून टाकतो. कापायला हवंच, फक्त कात्री भलत्या जागी लावली जाते.

पहिला भाग बघा. कोनोहा नावाच्या निंजांच्या गावात एक अनाथ मुलगा आहे. त्याच्या जन्माच्या वेळी नऊ शेपटांचा राक्षसी कोल्हा त्याच्या शरीरात कोंडला गेला, आणि गाव त्या कोल्ह्याचा राग या पोरावर काढतं. का, ते त्याला कुणी सांगत नाही, सांगायला बंदीच आहे. पोरगं खोड्या काढतं, परीक्षेत नापास होतं आणि झोपाळ्यावर एकटं बसून इतरांचे आईबाप बघतं. पुढे त्याच्यावर फेकलेलं हत्यार इरुका नावाचा शिक्षक स्वतःच्या पाठीवर झेलतो. या शिक्षकाचे आईवडील त्याच कोल्ह्याने मारलेले आहेत. पुढच्या 719 भागांतला सगळा राग आणि सगळी क्षमा या एका प्रसंगातून निघते. हे लहान मुलांचं आहे असं म्हणणाऱ्यांनी तो भाग पुन्हा एकदा शांतपणे बघावा.

मग 19व्या भागापर्यंत लाटांच्या देशाची कथा. एका गरीब बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पूल एक म्हातारा कारागीर बांधतोय. तो पूल झाला तर जहाजांचा मालक असलेल्या गाटोचा धंदा बसेल, म्हणून त्याने झाबुझा नावाचा मारेकरी पाठवलाय. झाबुझाबरोबर हाकू आहे, जवळपास नारुतोच्याच वयाचा. आपण कुणाच्या तरी उपयोगाचं हत्यार आहोत यातच त्याला जगण्याचा अर्थ सापडलाय. लढाईच्या आधी तो आणि नारुतो जंगलात भेटतात, औषधी वनस्पती गोळा करताना, आणि नारुतो त्याला शत्रू म्हणून ओळखत नाही. पुलावर काय होतं ते सांगत नाही. पण निंजा म्हणजे माणूस की अवजार, हा प्रश्न लेखक मासाशी किशिमोतो यांनी इथे टाकलाय आणि शेवटपर्यंत सोडलेला नाही. तोशिओ मासुदा यांचं त्या प्रसंगांमागचं संगीत मी केवळ कामाच्या कुतूहलापोटीही पुष्कळदा ऐकलंय. कुठे थांबायचं हे त्या माणसाला नेमकं कळतं.

आणि रॉक ली! निंजांच्या बढतीच्या चुनिन परीक्षेत, 48 ते 50 या भागांत, त्याची गाराशी लढत आहे. ‘नारुतो’ कशाला बघायचं असं विचारणाऱ्याला मी हे तीन भाग पुढे करते. लीला निंजांची कुठलीच जादू येत नाही. हात, पाय आणि मेहनत एवढंच त्याचं भांडवल. समोरच्या गाराला वाळूचं कवच आहे, ते त्याच्या मनात येण्याआधीच आपोआप त्याला वाचवतं. ली फटक्यामागून फटके मारतो आणि एकही गारापर्यंत पोचत नाही. मग त्याचे गुरू गाय परवानगी देतात आणि ली पायांना बांधलेली वजनं सोडून खाली टाकतो. ती जमिनीवर आदळतात तेव्हा धुळीचे लोट उठतात, आणि एवढं ओझं घेऊन हा मुलगा इतका वेळ लढत होता हे सगळ्यांना कळतं. त्या दृश्याचं संकलन बघा: वजनं पडेपर्यंत सगळं शांत, मग धूळ, मग बघणाऱ्यांचे चेहरे, आणि त्यानंतर वेग असा की नजर मागे राहते. आमच्याकडे एका धक्क्यावर पाच चेहरे फिरवतात, प्रत्येकावर ढँण वाजतं, आणि धक्का निघून जातो. इथे चेहरे तेवढेच आहेत, पण प्रत्येक चेहऱ्यावर प्रेक्षकाला काहीतरी नवीन कळतं.

आता ‘शिप्पुडेन’ची पहिली मोठी कथा काय आहे? शत्रूंनी पळवून नेलेल्या गाराला सोडवायला नारुतोचं पथक निघतं. तीसेक भाग त्यातच जातात. ज्याने लीची लढत पाहिलेली नाही, गाराला आधी आतून होरपळलेला आणि मग बदललेला पाहिलेलं नाही, त्याच्यासाठी हा फक्त लाल केसांचा एक तरुण. नारुतो इतका कळवळून का धावतोय हे त्याला कसं कळणार? सासुके कोण, त्याच्यासाठी दोन पथकमित्र वेड्यासारखे का झुरतात, हेही पहिल्या मालिकेच्या 135व्या भागापर्यंत कळत जातं. तिथवर नारुतो आणि सासुके यांची धबधब्याजवळची लढत संपते. म्हणून माझा पहिला नियम: 1 ते 135 सलग बघा. मधे मूळ गोष्टीत नसलेले काही भरतीचे भाग लागतील, ते सोडून द्या.

आणि 136 पासून बेधडक सोडा. ‘नारुतो’ मुळात साप्ताहिक शोनेन जम्पमधली चित्रकथा, 1999 पासून 2014 पर्यंत दर आठवड्याला एक प्रकरण या हिशेबाने 700 प्रकरणं. टीव्हीचा भागही आठवड्याला एक, पण एका भागात साधारण दोन प्रकरणं सहज खपतात. तीन वर्षांची आघाडी मिळालेली चित्रकथा अशी भराभर संपत गेली. किशिमोतो पुढचं लिहीपर्यंत मालिका थांबवायची, की आपल्याच कल्पनेने भाग रचायचे? वाहिनीला जागा रिकामी ठेवायची नव्हती. त्यामुळे 136 पासून पुढचे जवळपास सगळे भाग स्टुडिओने स्वतः रचलेले आहेत, पावणेदोन वर्षांचे. पुढे याच स्टुडिओने ‘ब्लीच’ ही मालिका थांबून थांबून, तुकड्यातुकड्यांत दाखवली. तेव्हा ती पद्धत रुळलेली नव्हती. रोज भाग पोचवण्याची घाई मी जवळून बघते, त्यामुळे त्या मंडळींविषयी मला आदरच आहे. पण प्रेक्षकाने त्यांची अडचण आपल्या डोक्यावर घ्यायचं कारण नाही. शेवटचा, 220वा भाग मात्र बघा. नारुतो त्यात गुरू जिरायाबरोबर गाव सोडतो.

‘शिप्पुडेन’मध्ये अशी भरती मधेमधे पेरलेली आहे, म्हणून तिथे यादी हाताशी हवी. चाहत्यांनी केलेल्या याद्या सहज मिळतात आणि बऱ्याचशा एकमेकींशी जुळतात. ढोबळ हिशेबाने पाचांत दोन भाग गाळता येतात. 57 ते 71, 91 ते 111, 176 ते 196, आणि 223 ते 242 मधला जहाजावरचा प्रवास, हे मी भाच्याला डोळे झाकून गाळायला सांगितलं. चित्रकथेत नसूनही ठेवण्यासारखं एक प्रकरण आहे: 349 पासून 361 पर्यंत नारुतोच्या पथकाचा गुरू काकाशी याच्या तरुणपणाची गोष्ट. काकाशीसारखा माणूस इतका अबोल का झाला हे त्यात दिसतं. मूळ लेखकाने लिहिलं नाही म्हणून ते वाईट, असं मी मानत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो 113 ते 175 या टप्प्याला. मधले 144 ते 151 आणि 170-171 गाळा. इथे सासुकेचा भाऊ इताची आहे, जिराया आहे, गावावर चालून येणारा पेन आहे. जिराया, त्सुनादे आणि ओरोचिमारू ही तीन नावं किशिमोतोंनी एदो काळातल्या एका जपानी लोककथेतून घेतली. बेडकांची विद्या जाणणारा जिराया, गोगलगायींची विद्या जाणणारी त्सुनादे आणि सापांचा ओरोचिमारू ही पात्रं 1839 पासून पुस्तकरूपाने छापली जाऊ लागली आणि पुढे काबुकीच्या रंगमंचावर गाजली. किशिमोतोंनी त्यांना एकाच गुरूचे तीन शिष्य केलं आणि ते एकमेकांपासून कसे दुरावले याची गोष्ट लिहिली. 133व्या भागात जिरायाच्या आयुष्याचा हिशेब मांडला जातो. तो भाग रात्री एकट्याने बघू नका, कुणाशी तरी बोलावंसं वाटेल.

पेनची सहा शरीरं म्हणजे बौद्ध परंपरेतल्या सहा गती: देव, असुर, मनुष्य, पशू, प्रेत आणि नरक. आपल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. त्याने गावावर केलेला हल्ला आणि त्यानंतर नारुतोने त्याच्याशी केलेलं बोलणं हे या मालिकेचं शिखर आहे, असं माझं मत आहे. ज्याने आपलं सर्वस्व नेलं त्याच्यासमोर बसून सूड का घ्यायचा नाही हे नारुतोला स्वतःच शोधावं लागतं, आणि उत्तर त्याला गुरूच्या जुन्या पुस्तकात सापडतं. 167व्या भागातल्या चित्रांवर बरेच प्रेक्षक चिडले, चेहरे वेडेवाकडे काढलेत म्हणून. अत्सुशी वाकाबायाशी यांनी तो भाग दिग्दर्शित केलाय. माझ्या मते तिथली लवचिक, वाकलेली रेषा संतापाने भान गमावलेल्या माणसाचीच आहे. चित्र थांबवून चेहऱ्याला हसू नका, ते चालू असताना बघा.

त्यानंतरचं महायुद्ध 261 पासून दोनशेहून अधिक भाग रेंगाळतं आणि खरोखरच लांबलेलं आहे. मेलेले परत उठतात, आठवणींतून पुन्हा आठवणी निघतात. इथे गाळणीला सगळ्यात जास्त काम आहे. तरी 418च्या आसपास गाय गुरुजींची लढत येते तेव्हा लीने टाकलेली ती वजनं आठवतील. मेहनत करणाऱ्या शिष्याला गुरूने काय शिकवलं होतं, त्याची पूर्ण किंमत गुरू स्वतः मोजतो. पहिली मालिका न पाहिलेल्याला इथे फक्त आतषबाजी दिसेल.

पालकांसाठी दोन गोष्टी. जिराया बायकांना चोरून बघतो, नारुतो गंमत म्हणून बाईचं रूप घेतो, हे विनोद मला तेव्हाही आवडले नव्हते, आजही आवडत नाहीत. नारुतोच्या पथकातल्या साकुराला तर किशिमोतोंनी कित्येकदा वाट बघत उभं ठेवलंय. ‘शिप्पुडेन’च्या सुरुवातीला गाराच्या गावातल्या चियो आजींच्या साथीने तिने दिलेली लढत इतकी उत्तम आहे की पुढचं दुर्लक्ष जास्तच खुपतं. मुलांबरोबर बसा आणि हे त्यांच्याशी बोला. मारामारी, रक्त आणि मृत्यू भरपूर आहेत. अगदी लहान मुलांना एकटं सोडून दाखवायची ही मालिका नव्हे.

भाषेचं म्हणाल तर 2022 पासून हिंदीत ती टीव्हीवर आली आणि त्यामुळे कितीतरी घरांत पोचली, हे चांगलंच झालं. वाचायचा कंटाळा नसेल तर जपानी आवाजात, उपशीर्षकांसह बघा. नारुतोचा आवाज जुन्को ताकेउची या बाईंचा आहे. बारा वर्षांच्या पोराचा आरडाओरडा आणि पुढे त्याच पोराचं जाणतेपण, दोन्ही त्यांनी एकाच गळ्यातून उभं केलंय.

शेवट कुठे? 476 ते 479. तिथे मूळ गोष्ट संपते. मग 2014चा ‘द लास्ट’ हा चित्रपट बघा, आणि 494 ते 500 मधली नारुतोच्या लग्नाची तयारी. ते सात भाग हलके आहेत, इतक्या मरणांनंतर ते हवेसे वाटतात. पुढची पिढी ‘बोरुतो’मध्ये आहे, 2017 ते 2023, आणखी 293 भाग. ती लगेच सुरू करू नका, मधे काही महिने जाऊ द्या. त्यातला नारुतोचा मुलगा बापावर रागावलेला आहे, कारण बाप गावासाठी राबतो आणि घरी नसतो. तो राग मला पटतो, पण ‘नारुतो’ नुकतीच संपवलेल्या माणसाला त्या मुलाची बाजू घेणं जड जातं.