परप्पन अग्रहारच्या भिंतीआड

बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबे आज कमी नाहीत. तिथून जवळच परप्पन अग्रहारचे मध्यवर्ती कारागृह आहे. (शहरातल्या ज्या जुन्या तुरुंगात आणीबाणीत मधु दंडवते होते, तिथे आता फ्रीडम पार्क आहे.) एखादा पुढारी या तुरुंगात गेला की ती बातमी आपण चवीने वाचतो. गर्दच्या प्रकरणात पकडलेला पोरगा आत गेला, की मात्र त्याचे आईबापसुद्धा चारचौघांत त्याचे नाव काढत नाहीत.

गर्द विकणाऱ्यांचा कळवळा कुणालाच नको. त्यांनी घरेच्या घरे बुडवली आहेत. पण आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, हे या एका कायद्यापुरते आपण विसरतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात १९८९ मध्ये जामिनाची अट इतकी कडक झाली, की आरोपी निर्दोष असावा असे न्यायालयाला आधीच वाटले पाहिजे! आज ही अट मुख्यतः मोठ्या, व्यापारी मात्रेच्या खटल्यांना लागते.

परिणाम काय झाला? महाराष्ट्रातले कच्चे कैदी वर्षानुवर्षे खटल्याची वाट पाहत राहिले. त्यांची कैफियत सर्वोच्च न्यायालयात गेली. ज्या गुन्ह्याला किमान १० वर्षांची शिक्षा आहे, त्यात ५ वर्षे आत काढलेल्याला जामीन द्या, असे न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितले. अट होती एक लाखाचा जामीन आणि तेवढ्याच रकमेचे दोन जामीनदार. पुड्या विकणाऱ्या गरिबाने ते आणायचे कोठून?

दुसऱ्यांदा सापडलेल्याला काही गुन्ह्यांत फाशी सक्तीची होती. ती सक्ती २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काढली, २०१४ मध्ये संसदेने कायदाही बदलला. २०२३ मध्ये गांजाच्या एका खटल्यात सात वर्षांहून अधिक काळ अडकलेल्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. खटला रखडत असेल तर कडक अटही आड येऊ नये, हा त्याचा अर्थ.

घरच्यांनी दोन गोष्टी जरूर ध्यानात ठेवाव्यात. कोठडीतल्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मागता येतो. आणि सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊ लागला, तर कलम ६४अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणाऱ्या होसूर रस्त्यावरच निम्हान्स आहे. व्यसनोपचाराचा स्वतंत्र विभाग तिथे चालतो.