उत्तर कोणत्या बिलाचं?

१ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइसची मर्यादा पाच कोटींच्या उलाढालीपर्यंत खाली आली आणि घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या घाऊक दुकानांत वर्षानुवर्षं निमूट चाललेली बिलिंग सॉफ्टवेअरं इंटरनेटच्या भरवशावर गेली. तोवर ती फार तर माळ्यावरच्या सर्व्हरशी बोलायची. आता दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावे बिल फाडायचं तर आधी सरकारी पोर्टलला विचारायचं, आयआरएन आणि क्यूआर कोड आला की मग प्रिंट. आपल्यापैकी अनेकांनी विनफॉर्म्समधल्या, काहींनी तर व्हीबी ६ मधल्या जुन्या कोडला असिंक्रोनस कॉल जोडून वेळ निभावली. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत एक तक्रार ठरलेली असते: 'नेट स्लो असलं की भलत्याच बिलावर क्यूआर छापतो.'

नेटला दोष देण्याआधी काउंटरवर काय घडतं ते पाहू. दुपारी चारची वेळ, बाहेर टेम्पो भरून उभा. ऑपरेटर १०४१ नंबरच्या बिलावर 'ई-इनव्हॉइस' बटण दाबतो. उत्तर येईना, म्हणून एस्केप मारून १०४२ उघडतो. त्या क्षणी १०४१ चं उत्तर येतं. कॉलबॅक ते उत्तर 'चालू बिल' नावाच्या ग्लोबल व्हेरिएबलला विचारून जागेवर ठेवतो. आणि चालू बिल आता १०४२ आहे. नेटवर्कने आपलं काम चोख केलं. चूक आपल्या गृहीतकात आहे: प्रश्न विचारताना जी स्थिती होती तीच उत्तर येताना असेल, हे आपण न लिहिता धरून चाललो.

२०१२ साली सी शार्प ५ मध्ये असिंक-अवेट आलं, तेव्हा हा त्रास संपला असा अनेकांचा समज झाला. संपला तो थ्रेडचा त्रास, तोही अर्धा. अवेटनंतरची ओळ यूआय थ्रेडवर परत येते खरी, पण मधल्या वेळात फॉर्म बंद झालेला असू शकतो, बिल बदललेलं असू शकतं. ओळी एकाखाली एक दिसतात म्हणून त्या सलग चालतात असं डोळ्यांना वाटतं, एवढंच. उपाय साधा आहे: कॉल करतानाच बिलाचा नंबर लोकल व्हेरिएबलमध्ये पकडा, उत्तर त्याच नंबराच्या नोंदीत लिहा आणि पडद्यावर तेच बिल उघडं असेल तरच पडद्याला हात लावा.

आता शोधायचं कसं? डिबगर इथे बऱ्याचदा दिशाभूल करतो. ब्रेकपॉइंटवर कोड थांबला की वेळेचं गणितच बदलतं आणि दोष गायब होतो. उलटही होतं. दुसऱ्या थ्रेडवरून कंट्रोलला हात लावला तर विनफॉर्म्स अपवाद फेकतं, पण मुळात ही तपासणी डिबगर जोडलेला असतानाच चालू असते. गिऱ्हाइकाकडे तोच कोड बिनतक्रार चालतो आणि कधीतरी स्क्रीन गोठते. म्हणून लॉग. प्रत्येक कॉलला स्वतःचा क्रमांक द्या आणि पाठवलं, उत्तर आलं, डेटाबेसमध्ये लिहिलं, अशा तिन्ही वेळा त्या क्रमांकासह, थ्रेड आयडीसह आणि बिल नंबरासह नोंदवा. १०४१ ची विनंती आणि १०४२ ची नोंद एकाच कॉल क्रमांकाखाली दिसली की पुढचं सांगावं लागत नाही.

टाइमआउटचा मामला जास्त महागात पडतो. एचटीटीपी-क्लायंटची ठरावीक मुदत १०० सेकंदांची. ती उलटली की टास्क रद्द झाल्याचा अपवाद येतो आणि बहुतेक कोड तिथे 'अयशस्वी' असा शिक्का मारून मोकळा होतो. पण आपण ऐकणं थांबवलं, याचा अर्थ पोर्टलने काम केलं नाही असा होत नाही. ऑपरेटर पुन्हा बटण दाबतो, एरर २१५० येते: डुप्लिकेट आयआरएन. मग कुणीतरी फोनवर सल्ला देतं, 'नंबर बदलून टाका.' झालं, एकाच मालाचे दोन आयआरएन! रद्द करायला फक्त २४ तास, आणि रद्द केलेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. असा सल्ला देणाऱ्या सपोर्टवाल्याला महिनाभर व्यापाऱ्याच्या सीएसमोर बसवावं असं आमचं प्रामाणिक मत आहे.

वास्तविक पोर्टलची रचना इथे आपल्या बाजूची आहे. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि नंबर यांच्यावरून निघणारा ६४ अक्षरांचा हॅश म्हणजे आयआरएन. तेच बिल दहादा पाठवा, दुसरा आयआरएन तयार होणार नाही. म्हणजे २१५० ही बहुतेक वेळा पहिला कॉल पोचल्याची पावती असते. ती आली की दस्तऐवजाच्या तपशिलावरून आधीचा आयआरएन मागवून घ्यायचा आणि त्याच बिलावर लावायचा. बिलाच्या टेबलात 'झालं' आणि 'नाही झालं' यांच्या जोडीला 'माहीत नाही' अशी तिसरी स्थिती हवी, आणि प्रोग्रॅम सुरू होताना त्या स्थितीतली बिलं आपणहून तपासली गेली पाहिजेत. दुपारी वीज गेली, राउटर बसला, तरी संध्याकाळी हिशेब जुळतो.

हे सगळं अंधेरीच्या ऑफिसात, फायबरच्या जोडणीवर कधीच दिसणार नाही. विंडोजवर 'क्लम्झी' नावाचं छोटं मोफत टूल मिळतं. त्याने चाचणीच्या मशीनवर पाकिटं मुद्दाम उशिरा पोचवता येतात, मधेच गाळता येतात. ते लावा, बटण दाबा आणि उत्तर यायच्या आत एस्केप मारा, दुसरं बिल उघडा, मग टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅमच बंद करा. नंतर लॉग आणि बिलाचं टेबल शेजारी-शेजारी उघडून बसा.