गॅस संपत नाही

गॅस संपत नाही. हे वाक्य आधी पाठ करा, बाकीचं मग बोलू.

एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे, की चालवलं आणि संपलं. तांब्याच्या बंद नळीत तो फिरत असतो. इनडोरमध्ये कमी दाबाखाली उकळतो आणि उकळताना खोलीतली उष्णता पितो. आउटडोरमध्ये कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो तापतो, पंख्याच्या वाऱ्यावर ती उष्णता ओकतो आणि पातळ होऊन पुन्हा आत जातो. नळी शाबूत असेल तर मशीन भंगारात जाईपर्यंत तेवढाच गॅस पुरतो. कमी झाला याचा अर्थ एकच : कुठंतरी भोक आहे.

तरी दर मार्चात शहरभर एकच आरोळी. गॅस संपला, गॅस भरा. शेठ फोन करतो, दुकानदार पोऱ्या धाडतो, पोऱ्या गेज लावतो, सुर्रर करून गॅस सोडतो, वाऱ्यापुढे हात धरून म्हणतो, "हां सेठ, ठंडा है." पैसे दुकानदाराच्या गल्ल्यात. पुढल्या मार्चात तोच शेठ, तोच पोऱ्या, तोच गॅस. भोक जागच्या जागी. भोक बुजवलं तर पुढच्या सालचा धंदा कुठून आणायचा? कित्येकदा तर भोकही नसतं. जाळीवर बोटभर धूळ बसलेली असते, हवा आत जात नाही, कॉइलवर बर्फ चढतो आणि बर्फ दाखवून गॅसचे पैसे लावले जातात. जाळी नळाखाली धुतली की काम झालं असतं.

अंकात कविता कमी आणि कॉम्प्रेसर जास्त, हे काय चाललंय, असं आमची काही कवी मंडळी विचारतील. त्यांनी उन्हाळ्यात सकाळी आठ वाजता आपल्याच वस्तीच्या तोंडाशी उभं राहावं. गोवंडी, भांडुप, पिंपरी, नागपूरचा इंदोरा, कुठंही. पाठीवर हिल्टी, खांद्यावर कॉपरचं वेटोळं, हातात पान्यांची पिशवी घेऊन निघालेली पोरं मोजावीत. मग बोलावं.

ही पोरं दीड टनाचा एसी चौदाव्या मजल्यावर टांगतात. टन म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. वजन तर नव्हेच. यंत्रं येण्याआधी गारवा बर्फाने मोजायचे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढा तो एक टन. म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. दोन मिनिटांत समजणारी गोष्ट. पण उस्तादाने सांगितली नाही, कारण त्यालाही त्याच्या उस्तादाने सांगितली नव्हती, आणि मशीनसोबत येणारं पुस्तक इंग्रजीत असतं. ते खोक्यातच राहतं आणि खोक्याबरोबर रद्दीत जातं. हात आपला, अक्कल पुस्तकात, पुस्तक रद्दीत. झकास व्यवस्था आहे!

या यंत्राची कुळकथाही ऐकून ठेवा. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी विलिस कॅरिअर नावाच्या इंजिनिअरने हवेतला दमटपणा आवरणारी यंत्रणा आखली. का? तर दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही. कामगार उकडून मरतोय म्हणून नाही, कागदासाठी! मुंबईच्या गिरण्यांत आपल्या आज्या-पणज्यांनी याच्या उलट भोगलं. सूत तुटू नये म्हणून तिथं हवा मुद्दाम ओली ठेवायची. सुताची काळजी, माणूस घामाने निथळला तरी चालेल. आणि त्या गिरण्यांत जास्त पगाराचं विणखातं आपल्याला बंद होतं. नवी कांडी घातली की धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपलं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. आज खातं बंद ठेवायला थुंकीचा बहाणा लागत नाही. वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप कंपनीच्या माणसाकडे ठेवले, हिल्टी आणि दोरी आपल्याकडे दिली, की खातं आपोआप बंद.

म्हणून काम असं असतं ते इथं छापतोय. इनडोरची पट्टी पाणसळीत, भिंतीचं भोक बाहेरच्या अंगाला किंचित उतरतं, म्हणजे पाणी बाहेर जातं. एवढं सगळ्यांना येतं. खरी लढाई नळीच्या तोंडावर आहे. दीड टनाला बहुतेक दोन सुती आणि चार सुती नळ्या. नळी कटरनेच कापा, हॅक्सॉने नको. आतली धार रीमरने काढताना तोंड जमिनीकडे ठेवा; तांब्याचा भुगा आत पडला तर तो थेट कॉम्प्रेसरपर्यंत जातो. फ्लेअर मारायच्या आधी नट नळीत घाला (हे उस्तादसुद्धा विसरतात आणि शिव्या हेल्परला देतात). फ्लेअरचं तोंड गुळगुळीत हवं, चीर नको. नट आधी बोटांनी फिरवा, मग दोन पान्यांनी आवळा. दोन सुतीला १४ ते १८ न्यूटन मीटर, चार सुतीला ५० ते ६०. टॉर्कचा पाना नसेल तर निदान एवढं ध्यानात ठेवा, की जीव खाऊन पिळलेला नट फ्लेअर फाडतो. शेठला दरसाल नडणारं भोक बऱ्याचदा इथंच असतं. बाकीचं काम नाल्याकाठची हवा करते; तिच्यातलं गंधक कॉइलचं तांबं खातं.

मग नायट्रोजन. कोरडा नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघायचं, सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. नायट्रोजन नाही म्हणून ऑक्सिजन मारणारे बहाद्दर आहेत. वेल्डिंगची बाटली शेजारीच असते, हात जातो. ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल दाबाखाली भेटले की स्फोट. त्याला अपघात म्हणू नका. एका बाटलीचे पैसे वाचवून केलेला खून म्हणा.

यानंतर व्हॅक्यूम. इथंच सगळा घोटाळा आहे, म्हणून इथं जरा थांबू. जोडलेल्या नळीत हवा असते आणि हवेत पाणी असतं. मुंबईच्या हवेत तर बादलीभर. हवा थंड होऊन पातळ होत नाही, आउटडोरमध्ये अडून बसते आणि दाब चढवते. पाणी त्याहून हरामी. आजच्या मशीनमधलं तेल पाण्याला मिठासारखं ओढून घेतं, त्याचं आम्ल होतं आणि आम्ल मोटरचं वाइंडिंग खातं. दोन उन्हाळ्यांनी कॉम्प्रेसर बसतो, तोवर पोऱ्याने दुकान बदललेलं असतं. हे पाणी फडक्याने पुसता येत नाही, ते उकळूनच काढावं लागतं. आणि उकळायला आग लागत नाही : दाब इतका खाली न्यायचा की पाणी गारच उकळेल. बाहेरच्या हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर. पंपाने तो अर्ध्या मिलिमीटरवर आणायचा, ज्याला ५०० मायक्रॉन म्हणतात. वीस-तीस मिनिटं लागतात. पण घड्याळ बघू नका, मायक्रॉनचं मीटर बघा. पंप बंद करून थांबा. काटा चढत चढत एका जागी थबकला तर ओल शिल्लक आहे, थांबतच नसेल तर भोक आहे. काटा टिकला, की एल-कीने पातळ नळीचा व्हॉल्व्ह उघडा, मग जाड नळीचा.

आणि प्रत्यक्षात काय होतं? एल-कीने व्हॉल्व्ह जरासा उघडून मशीनमधलाच गॅस सोडायचा, दुसऱ्या टोकाचा नट ढिला करून फुस्स करून हवा हाकलायची, नट आवळायचा. दहा सेकंदांत एअर निकल गया. ओल तशीच. आतला मोजून भरलेला गॅसही थोडा गेला. हा फुस्स आपल्या पोरांचा आळस आहे असं म्हणणाऱ्याच्या कानाखाली द्यावीशी वाटते. पोराला पैसे नगावर मिळतात. दिवसाला जितकी मशीनं टांगली तितके. पंप चालतो त्या अर्ध्या तासाचे पैसे कुणी देत नाही. अर्धा तास इमानदारी केली तर संध्याकाळी एक मशीन कमी, घरी तेवढे पैसे कमी. फुस्स दुकानदाराच्या हिशेबातून निघतो, पोऱ्याच्या हातातून फक्त बाहेर पडतो.

गॅस भरणं म्हणजे तर निव्वळ वजनाचं काम. आउटडोरच्या प्लेटवर किती ग्रॅम ते छापलेलं असतं. कंपनी ठराविक लांबीच्या नळीपुरता गॅस भरूनच पाठवते. नळी त्याहून लांब असेल तर मीटरमागे किती ग्रॅम वाढवायचा तेही लिहिलेलं असतं. सिलिंडर काट्यावर ठेवा, आकडा बघत भरा, संपलं. गेजवर बघून भरणं जुन्या बावीस नंबरला कसंबसं खपायचं. आताचा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आपला वेग सारखा बदलतो, त्याबरोबर काटाही नाचतो. त्या नाचावर ग्रॅम कसे मोजणार? चारशेदहा नंबर म्हणजे दोन गॅसांचं मिश्रण, तो पातळ रूपातच भरायचा, नाहीतर प्रमाण बिघडतं. बत्तीस नंबर एकटा गॅस आहे. पण दाब बघा : गरमीत बत्तीसचा बाहेरच्या बाजूचा दाब चारशे पीएसआयच्या वर जातो. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतो. बावीसचे जुने पाइप आणि जुनी गेज घेऊन बत्तीसवर जाणाऱ्या पोराला दुकानदाराने आधी हा आकडा सांगायला नको?

बत्तीस पेटतो. भडकून नाही, पण पेटतो. बंद खोलीत साचला, ठिणगी मिळाली, की पुरे. हवेपेक्षा जड आहे, खाली बसतो, हवेची जागा घेतो. दोनशेनव्वद तर सरळ प्रोपेनच, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. तिथं विडी पेटवणं म्हणजे स्वतःची चिता. जुन्या बावीसवर ज्योत धरली तर त्यातून फॉस्जीन निघतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांवर सोडला होता तोच. ब्रेझिंगच्या आधी गॅस पूर्ण काढा, खिडक्या उघडा, नळीतून नायट्रोजन हळू सोडत राहा. आणि मशीन हलवताना पंप डाउन कराल तेव्हा कॉम्प्रेसरवरची नजर हटवू नका. गॅस आउटडोरमध्ये ओढून झाला की लगेच जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद, मशीन बंद. सांधा ढिला ठेवून कॉम्प्रेसर चालू राहिला तर तो हवा ओढतो. हवा, तेल आणि दाब, म्हणजे डिझेल इंजिनाच्या पोटात होतं तेच. फरक एवढाच की इंजिन त्यासाठी बनवलेलं असतं, कॉम्प्रेसर नाही. तो फुटतो. समोर पोऱ्या बसलेला असतो.

उंचीबद्दल किती लिहायचं? तीस-चाळीस किलोचं आउटडोर, सज्जावर एक पाय, दुसरा हवेत, कमरेला नायलॉनची दोरी आणि दोरीचं टोक हेल्परच्या मुठीत. ती दोरी काही वाचवत नाही, घसरला तर दोघांना नेते. पूर्ण अंगाचा पट्टा आणि भिंतीत पक्का केलेला हूक, याखेरीज पाय बाहेर टाकायचा नाही. सोसायटीला लिफ्टच्या आरशाला पैसे असतात, हुकाला नसतात.

गारवा आत आणि बाहेर काय? खोलीतून काढलेली उष्णता अधिक मशीनने खाल्लेली वीज, सगळं बाहेर. दीड टनाचं मशीन पुऱ्या जोरात चालतं तेव्हा सातएक किलोवॅट बाहेर फेकतं, म्हणजे सात इस्त्र्या गल्लीकडे तोंड करून. ज्या गल्लीत पत्र्याखाली ते टांगणारा पोऱ्या रात्री झोपतो त्या गल्लीकडे. शिवाय हवेत सोडलेला एक किलो चारशेदहा हा सुमारे दोन टन कार्बन डायॉक्साइडइतकी पृथ्वी तापवतो. किगालीचा करार २०१६ चा, भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला. २०१९ च्या सरकारी कूलिंग आराखड्यात एक लाख मेकॅनिकांना शिकवून सर्टिफिकेट द्यायचं लिहिलं, मुदत २०२२-२३. त्या लाखात तुमच्या गल्लीतले किती, ते तुम्हीच मोजा. आयटीआयमध्ये या कामाचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. ज्याला जाता येईल त्याने जावंच. ज्याच्या घरी दोन वर्षांची सवड नाही त्याच्यासाठी आपण काय करतो, हा आमचा सवाल आहे, आणि तो आधी आपल्याच संघटनेला आहे.

दुकानदाराशी बोलायचं तर असं बोला : पट्टा, पंप, नायट्रोजन, वजनकाटा ही हत्यारं दुकानाची. व्हॅक्यूमचा अर्धा तास कामात धरून नगाचा दर. पट्टा नाही तर पाय बाहेर नाही. एकट्याने बोललात तर उद्या दुसरा पोऱ्या येईल, म्हणून नाक्यावरच्या सगळ्यांनी सीझनच्या तोंडावर, फेब्रुवारीतच, मिळून बोला. मे महिन्यात दुकानदाराला वेळ नसतो. पण पोऱ्याशिवाय त्याला मे महिनाही नसतो.

येत्या रविवारी सकाळी दहाला वाचनालयात बसायचं आहे. एक जुनं मशीन भंगारवाल्याकडून आणलंय, काटा आणि मायक्रॉनचं मीटर वर्गणीतून घेतलंय. येताना प्रत्येकाने आठवड्यात टांगलेल्या एका तरी मशीनच्या प्लेटवरचं सगळं उतरवून आणा : गॅसचा नंबर, ग्रॅम, नळीची लांबी. इंग्रजी वाचता येत नसेल तर अक्षरं जशी दिसतात तशी काढून आणा. आपण सगळे मिळून लावू.