इंदूर : रोजचा हिशेब रोज

गेल्या नोव्हेंबरात आम्ही उभयता भाचीकडे इंदूरला जाऊन आलो. आपल्या छत्रपती संभाजीनगरातून रात्रीच्या बसने निघाले की धुळे, शिरपूर, सेंधवा करीत सकाळी इंदूर गाठता येते. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्यादेवींच्या घराण्याचे हे शहर. भाची राहते त्या राजेंद्रनगरात आजही शेजारीपाजारी मराठी ऐकू येते. त्यामुळे परक्या गावी आल्यासारखे वाटलेच नाही. वाटले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, कचऱ्याच्या गाडीसमोर.

गाणे वाजवीत गाडी दारात आली. भाचीची धांदल नको म्हणून मीच पुढे झालो आणि केळीच्या साली, दुधाची पिशवी, औषधांची रिकामी पाकिटे असे सारे एकत्र भरलेली पिशवी पुढे केली. सफाई कर्मचाऱ्याने आत डोकावून ती नम्रपणे परत दिली. "बाबूजी, इसे अलग कर दीजिए." बँकेच्या काउंटरमागे बसून मी आयुष्यभर लोकांची चुकीची भरलेली चलने परत केली; माझेच चलन परत येण्याचा हा पहिला प्रसंग. भाची हसत बाहेर आली. "मामा, इथं सहा प्रकार करावे लागतात," म्हणत तिने ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक अशी यादी पाठ म्हणून दाखवली. तिची सात वर्षांची मुलगी मध्येच माझी चूक दुरुस्त करीत होती.

२०१७ पासून सलग सात वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात पहिला आलेला आणि पुढे वेगळ्या सुपर लीग गटात बसवला गेलेला हा गाव. त्याच्या यशाचे मर्म मला त्या परत आलेल्या पिशवीत दिसले. बँकेत संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. दहा रुपयांचा फरक आज सोडला, तर महिन्याने तो कोणालाच सापडत नाही. कचऱ्याचेही तसेच आहे. तो दारातच वेगळा झाला तर त्याची किंमत होते. एकदा मिसळला की केवळ डोंगर वाढतो.

असा डोंगर इंदूरलाही होता. जावईबापू हौसेने आम्हांस देवगुराडियाला घेऊन गेले. तेथे सुमारे १०० एकरांवर साचलेला १३ लाख टनांच्या घरातला जुना कचरा २०१८ मध्ये यंत्रांनी चाळून वेगळा करण्यात आला. आज तेथे झाडे आहेत. जवळच रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करण्याची क्षमता असलेला प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ पासून सुरू आहे. कचऱ्याचा रगडा हवाबंद टाक्यांत कुजवायचा, निघणारा वायू शुद्ध करायचा आणि त्यावर शहरातल्या बस चालवायच्या. उरते ते खत. माझ्या पिशवीतले प्लॅस्टिक तेथे पोहोचले असते, तर ते निवडून काढण्यासाठी पुन्हा माणसाचेच हात लागले असते.

दुपारी इतवारिया बाजारातील सर सेठ हुकुमचंदजींच्या काच मंदिरात दर्शन घेतले. रात्री सराफा पाहिला. सोनारांची दुकाने बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याच्या गाड्या लागतात, आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. आम्हां उभयतांचा रात्रिभोजनाचा त्याग. त्यामुळे इतरांची नजर जिलेबीच्या कढईवर असताना माझी जमिनीवर राहिली. रिकामे द्रोण मुकाट्याने डब्यात जात होते. एका कॉलेजकुमाराने निसटलेला कागद चार पावले मागे येऊन उचलला. तेथे पाहणारा कोणी शिपाई नव्हता.

मला आपल्या शहराचा २०१८ चा फेब्रुवारी आठवला. कित्येक दशके आपला कचरा सोसणाऱ्या नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी त्या महिन्यात गाड्या अडवल्या. आठवड्यांमागून आठवडे रस्त्यारस्त्यांवर ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक आणि लाठीमार झाला. ग्रामस्थांना दोष देणाऱ्यांत तेव्हा मीही होतो. आपल्या साधू-साध्वींच्या पाच समितींत शेवटची उत्सर्ग समिती. टाकाऊ वस्तूदेखील जीवास बाधा होणार नाही अशा जागी, पाहून ठेवायची. हे प्रवचनात अनेकदा ऐकलेला मी, माझी पिशवी रोज कोणाच्या दारात जाऊन पडते, हे एकदाही विचारले नव्हते.

हा लेख इथवर लिहून झाला होता. मग डिसेंबर २०२५ च्या अखेरीस इंदूरच्याच भागीरथपुऱ्यातून बातमी आली. पिण्याच्या जलवाहिनीत सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. भाचीला फोन केला. तिचा भाग सुरक्षित होता, पण आवाज बदललेला होता. "मामा, रस्ता आरशासारखा आहे हो आमचा. त्याच्या खालचं कोणी पाहिलं नाही." आपण पाणी गाळून पिणारी माणसे, पण असे पाणी गाळण्याने निर्मळ होत नाही. लेख फाडावा असे क्षणभर वाटले. फाडला नाही, कारण मी पाहिलेली ती पिशवीही खरी होती आणि ही बातमीही खरी आहे. तपासणीत जे खाते दिसते तेच नीट ठेवण्याची वृत्ती मी बँकेतही पुष्कळ पाहिली आहे, आणि तेव्हा तिची किंमत पैशांत मोजता येत असे.

आमच्या गॅलरीत आता तीन बादल्या आहेत. सौभाग्यवती कुरकुरत का होईना, सालींत प्लॅस्टिक जाऊ देत नाहीत. गेल्या रविवारी सोसायटीच्या बैठकीत मी एवढेच विचारले की, आपली जमिनीखालची पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली? चिटणीसांनी वही उघडली, वहीत नोंद नव्हती. मग सारे खाली उतरलो. झाकणाला कुलूप होते, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात पाऊण तास गेला.