पाकिटामागची बारीक अक्षरे



आईवडील, सासूसासरे भारतातून इथे परदेशी आपल्याकडे राहायला येण्याचे दिवस आले आहेत. म्हणून या वेळी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांवर लिहिते आहे.

जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातले तीर्थपुरी माझे माहेर. तिकडे फोन केला की आपण विचारतो, "गोळी घेतली का?" कोणती गोळी, हे विचारत नाही. विचारले तर उत्तर येते, "ती सकाळची, पांढरी." मला काळजी वाटते ती याच उत्तराची.

'टेल्मा' या नावाची गोळी आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. तिच्यात टेल्मिसार्टन असते. पण नावापुढे 'एएम' असेल तर जोडीला अ‍ॅम्लोडिपिन असते आणि 'एच' असेल तर लघवीवाटे मीठ-पाणी काढणारे औषध. आता गावच्या डॉक्टरांनी 'एएम' दिली, पुढे जालन्यात दुसऱ्यांनी वेगळ्या नावाची अ‍ॅम्लोडिपिन लिहिली आणि आधीच्या गोळीविषयी बोलणेच झाले नाही, तर एकच औषध दुप्पट पोटात जाते. पाय सुजतात, उठताना चक्कर येते. मग घरात ठरते, "गोळी सोसत नाही," आणि दोन्ही बंद होतात. इथल्या फार्मसीत तर भारतातली ही नावे सांगून उपयोग नाही. पाकिटामागे बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषध आणि किती मिलिग्रॅम, एवढेच सगळीकडे कळते.

ते पाहून त्यांच्या सगळ्या औषधांची एक यादी करा. त्या यादीत गुडघेदुखीची गोळीही हवी. शेतात आयुष्य काढलेल्या माणसांना डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक ही नावे पाठ असतात. मेडिकलमधून चिठ्ठीशिवायही ती आणली जातात. या गोळ्या रक्तदाब वाढवतात. टेल्मिसार्टन आणि लघवीच्या औषधासोबत त्या घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, आणि मराठवाड्याच्या वैशाखात अंगातले पाणी कमी झालेले असताना तर फारच. जुलाब-उलट्या लागल्या तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळ्यांचे काय करायचे ते विचारावे.

चूर्णेही लिहा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम रुग्णांवर तपासून 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष या मुळीकडे गेले. म्हणजे सर्पगंधा हे खरोखरीचे औषध आहे. इतर गोळ्यांवर ती घेतली तर रक्तदाब फार उतरू शकतो, नाडी मंदावू शकते. 'आयुर्वेदिकच आहे' म्हणून डॉक्टरांपासून लपवू नये. पोटॅशियमवाल्या 'कमी सोडियमच्या' मिठाचेही तेच: टेल्मिसार्टन घेणाऱ्याने ते विचारल्याशिवाय वापरू नये.

आणखी एक समज फार घट्ट आहे: मोजले, 130 आले, आता गोळी कशाला? ते 130 गोळीमुळेच आले आहेत. अटेनोलॉलसारखी काही औषधे तर अचानक सोडणे धोक्याचे. एकादशीलाही घोटभर पाण्याबरोबर गोळी घ्यावी. माझ्या मते त्याने उपास मोडत नाही. एखाद्या दिवशी राहून गेलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

सरकारी आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब मोजतात, गोळ्याही मोफत मिळतात. तिथले नोंदीचे कार्ड मिळाले असेल तर ते जपून ठेवायला सांगा. येताना पुरेशा गोळ्या मूळ पाकिटांसकट आणि चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत हव्यात. सामानात टाकलेली बॅग हरवू शकते. प्रवासविम्यात आधीपासूनचे आजार अनेकदा धरलेले नसतात, तेही आधी वाचा.

घरच्या यंत्रावर 180/120 च्या वर आकडा दिसला आणि छातीत दुखत असेल, बोलणे अडखळत असेल किंवा एका बाजूची ताकद गेली असेल, तर जास्तीची गोळी देऊन वाट पाहू नका. इथला तातडीचा क्रमांक लावा, गावी असतील तर 108. रुग्णवाहिका आली की औषधांची यादी त्यांच्या हातात द्या.