शस्त्रकर्मोत्तर उदरशूल : औषधापूर्वी चार प्रश्न

आतड्याचे शस्त्रकर्म मुंबईस किंवा कोल्हापुरास होते. पोटातील कळ मात्र रुग्ण रत्नागिरीस घरी परतल्यावर उठते. टाके निघालेले असतात, शल्यचिकित्सक दूर असतो. मग रुग्ण जवळच्या वैद्याकडे किंवा औषधालयात येतो आणि म्हणतो, "वातावर काहीतरी द्या." या मागणीस आपण फार सहज होकार देतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरंभ स्वतःपासून करतो. काही वर्षांपूर्वी आंत्रशस्त्रकर्मानंतर दीड महिन्याने एक गृहस्थ पोटात पीळ पडतो म्हणून माझ्याकडे आले. वातज शूल समजून मी हिंग्वष्टक चूर्ण आणि रात्री एरंडेल दिले. पोटावर हात ठेवला नाही; वायू सरतो का, हेही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना हिरव्या उलट्या सुरू झाल्या. आतडी आतून चिकटून मार्ग रोधला गेला होता. पुन्हा शस्त्रकर्म झाले आणि ते वाचले. परंतु त्याचे श्रेय माझ्या चिकित्सेस नव्हते.

प्रत्येक कळ अवरोधाची नसते, हेही तितकेच खरे. शस्त्रकर्मानंतर लहान आतड्याची गती साधारणतः २४ तासांत आणि मोठ्या आतड्याची ४८ ते ७२ तासांत परतू लागते. ती सुरळीत होण्यास पुढे कित्येक आठवडे लागू शकतात. जोडाच्या जागेची सूज, कोंडलेला वायू, एकदम बदललेला आहार यांमुळे कळा येतात. कळ येऊन ओसरते, वायू किंवा मल सरताच शमते, पोट मऊ आहे, भूक टिकून आहे, असा रुग्ण आपण सांभाळावा. व्रण टाळून सौम्य स्वेद, घराच्या अंगणातच थोडे चालणे, कोमट पाणी घोटघोट आणि संसर्जनक्रम एवढ्यानेही त्यास पुष्कळ आराम पडतो. आपल्याकडची उकड्या तांदळाची पेज म्हणजे ग्रंथोक्त पेयाच होय. तिच्यानंतर मुगाचे कढण, मऊ भात अशा पायऱ्या चढाव्यात; फणसाचे गरे, सुके खोबरे आणि चोथा राहणाऱ्या भाज्या प्रारंभीचे काही आठवडे वर्ज्य कराव्यात.

याउलट कळ वाढतच आहे, उलट्या होत आहेत, पोट फुगून ताणले आहे, वायू आणि मल दोन्ही थांबले आहेत, किंवा ज्वर आहे, मलातून रक्त जाते आहे, अशा रुग्णास तोंडावाटे काहीही न देता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. आतडी चिकटल्याने होणारा अवरोध शस्त्रकर्मानंतर कित्येक वर्षांनीही होऊ शकतो. म्हणून पोटावरील जुन्या व्रणाची चौकशी कधीही टाळू नये.

रुग्ण पाठविण्यात कमीपणा वाटणाऱ्यांनी ग्रंथ पुन्हा उघडावेत. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात बद्धगुद आणि परिस्रावी उदरासाठी पोट उघडून आतडे तपासण्याचे, अडलेले शल्य काढण्याचे, छिद्र मुंग्यांच्या डोक्यांनी सांधण्याचे वर्णन आहे. त्यापुढे निवात घर आणि दुग्धाहारही सांगितला आहे. म्हणजे शस्त्रकर्मोत्तर काळ हा चिकित्सेचाच भाग मानला आहे. आणि कायचिकित्सेचे अध्वर्यू असलेल्या चरकांनी उदरचिकित्साध्यायात हे कर्म अनुभवी शल्यहर्त्यांचे आहे, असे निःसंकोच सांगितले आहे. जो संकोच चरकांना वाटला नाही, तो आपण का बाळगावा?

नोव्हेंबर २०२० मध्ये शल्य व शालाक्य विषयांच्या पदव्युत्तरांसाठी ५८ शस्त्रकर्मांची सूची राजपत्रात आली, तेव्हा शस्त्र कोणी धरावे यावर देशभर वाद झाला. शस्त्र खाली ठेवल्यानंतर रुग्णाकडे कोणी पाहावे, हा प्रश्न मात्र बाजूस राहिला. तो आपल्या दारात रोज उभा असतो.

औषधालयचालकांस एक विशेष विनंती. सोनामुखीयुक्त चूर्णे आणि जयपाळयुक्त इच्छाभेदी रस अवरोधात घातक ठरू शकतात. अहिफेनयुक्त कर्पूररस वेदना झाकून आंत्रगती अधिकच मंदावतो. अहिफेन व जयपाळ औषध नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये आहेत आणि त्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना केवळ वेष्टनावर राहू नये.

पोटावर शस्त्रकर्म झाले आहे का? उलटी होते का? वायू सरतो का? पोट फुगले आहे का? हे चार प्रश्न प्रत्येक चिकित्सालयात आणि औषधालयाच्या फळीवर लिहून लावावेत, असे मी नम्रपणे सुचवितो. ते विचारण्यास एक मिनिटही लागत नाही. त्या दिवशी मी ते विचारले नाहीत, म्हणूनच आज हे लिहावे लागले.