कालवडींच्या संगोपनाविषयी नातेपुते पंचक्रोशीतील पशुपालकांस जाहीर आवाहन



गाळपाचा हंगाम तोंडावर आला आहे. माळीनगर, अकलूज व सदाशिवनगरच्या कारखान्यांकडे उसाच्या गाड्यांची रीघ लागली, की नीरा उजव्या कालव्याच्या भिजवणीतील आपल्या मुलखात वाढ्याच्या पेंढ्या रस्तोरस्ती विक्रीस मांडलेल्या दिसतील; आणि मुबलक झालेल्या जिनसेची जी हयगय दरसाल होते ती यंदाही व्हावयाची, म्हणजे कोवळा पाला गाईने खावयाचा व तिने चघळून टाकलेले बुडखे वासरापुढे सारावयाचे. ज्या मुलखातील शेतकरी खिल्लार खोंडाला आईचे सारे दूध पाजून वर भरडा चारीत असे, त्याच मुलखात आज संकरित कालवड गव्हाणीतील उष्ट्यावर वाढावी, हे आमच्या मते दारिद्र्याचे नव्हे, हिशेब न ठेवण्याचे लक्षण आहे.

वाढे, कडबा, भुसकट, कोंडा, तुरीची वा हरभऱ्याची चुनी, पेंड, हे जे शेतीचे व गिरण्यांचे दुय्यम पदार्थ आपल्या दारात पडून असतात, त्यांवर कालवड उत्तम पोसता येते, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु कोणता पदार्थ कोणत्या वयात घालावा याचा क्रम चुकला, तर तोच पदार्थ तिची वाढ खुंटवितो. वासरू जन्मते तेव्हा त्याचे मोठे पोट नावापुरतेच असते, आणि रवंथाची क्रिया नीट बसावयास सुमारे तीन महिने लागतात. गाभण गाईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये पोटातील वासरास मिळत नाहीत, ती केवळ चिकातून मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्यांची शक्ती एका दिवसात ओसरते. म्हणून जार पडण्याची वाट न पाहता पहिल्या एक-दोन तासांतच चीक पाजावा, आणि पुढे वजनाच्या एकदशांश दूध, म्हणजे 28 किलोच्या वासरास पावणेतीन लिटरच्या सुमारास, रोज द्यावे.

दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर भरडा तोंडाला लावावा. पोटाच्या आतील अस्तर वाढते ते वैरणीने नव्हे, तर धान्याच्या आंबण्यातून निर्माण होणाऱ्या आम्लांनी, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी ध्यानात घेत नाही. मक्याचा भरडा 40 भाग, शेंगदाणा पेंड 32, गव्हाचा कोंडा 25, खनिज मिश्रण 2 व मीठ 1, असे मिश्रण घरीही होते, आणि कोंड्याचा काही भाग काढून त्या जागी चुनी घातली तरी चालते. मात्र बुरशी आलेली शेंगदाणा पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. सरकी पेंडीतील विषद्रव्य कोवळ्या वासरास पचत नसल्याने ती या वयात वर्ज्य समजावी. आणि मळी चवीपुरतीच घालावी, अन्यथा हगवण लागते.

वाढ्याचा खरा अंमल सहा महिन्यांनंतर सुरू होतो. त्यात प्रथिने थोडी असतात आणि ऑक्झलेट असल्यामुळे शरीरातील चुना अडकून पडतो; यास्तव चुन्याची निवळी शिंपडून, कुट्टी करून व चुनीची जोड देऊन ते घालावे. हंगामात जादा झालेले वाढे बांधावर वाळू न देता, चार शेजाऱ्यांनी मिळून खड्ड्यात दाबून त्याचा मुरघास केला, तर उन्हाळ्याची बेगमी होते. सांगोला आणि माणच्या चारा छावण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांस बेगमीचे मोल निराळे सांगावयास नको. कडबा वा भुसकट असल्यास 100 किलोस 4 किलो युरिया 50 ते 60 लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा व तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवावा, म्हणजे त्यातील प्रथिने जवळजवळ दुप्पट होतात; पण हा चारा सहा महिन्यांखालील वासरास कदापि घालू नये, आणि युरियाच्या पाण्याची बादली जनावराच्या तोंडी लागू देऊ नये.

आता जमाखर्च पाहावा. रोज 450 ग्रॅम वाढणारी कालवड 250 किलो वजनाची, म्हणजे भरविण्याजोगी, साडेसोळा महिन्यांत होते. 250 ग्रॅम वाढणारीला त्यासाठी एकोणतीस महिने लागतात. मधले वर्ष ती दावणीला बसून खाते, आणि ज्या दुधासाठी वासराचे तोंड बांधले त्याची किंमत त्या वर्षाच्या चाऱ्यात केव्हाच वळती होते. डेऱ्यासारखे पोट, राठ केस, भिंत चाटण्याची सवय, ही चिन्हे ज्या वासरात दिसतील त्यास जंताचे औषध व खनिज मिश्रण देण्याची तजवीज पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तात्काळ करावी.

आमची मागणी एवढीच आहे की, येत्या वसुबारसेस सवत्स धेनूचे पूजन झाल्यावर प्रत्येक घराने आपल्या कालवडीची छाती व खांद्यापासून पुठ्ठ्याच्या मागील हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी, छातीचा वर्ग करून लांबीने गुणावे व 660 ने भागावे. भागाकार तो वजनाचा अंदाज किलोत. छाती 44 व लांबी 38 इंच असता सुमारे 111 किलो येतात, आणि सहा महिन्यांच्या कालवडीस ते योग्य आहेत. हा आकडा दर महिन्यास वहीत लिहावा. ज्यांस हिशेब जमत नाही त्यांच्या घरी शाळकरी मुले आहेतच, आणि टेप नसेल तर सुतळी घेऊन ती मागाहून गावातील कोणत्याही शिंप्याकडे मोजून घ्यावी.